मालवाहू टेम्पोचे ब्रेक आणि आपण



या व्यासपीठावर इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान, अर्थकारण अशा विषयांची चर्चा ऐकण्याची आपल्याला सवय आहे. तेथे आज टेम्पोच्या ब्रेकवर बोलावयाचे म्हणजे देवघरात जॅक आणि पाना घेऊन शिरण्यासारखे आहे, असे कोणास वाटले तर मी त्याला दोष देणार नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या मालकीचा टेम्पो नाही, आणि ज्यांचा आहे ते या वेळी बहुधा मार्केट यार्डात असतील. मग हे व्याख्यान कोणासाठी?

ते आपल्यासाठीच आहे. सकाळी दारात येणारे दूध, मंडईतली भाजी, स्वयंपाकाचा गॅस, औषधाच्या दुकानातली खोकी, घर बदलताना आपले कपाट आणि गाद्या, हे सारे शेवटच्या पाच-पन्नास किलोमीटरांत पिकअप किंवा टेम्पो यांच्याच पाठीवरून येते. शिवाय ती गाडी ज्या रस्त्याने येते त्याच रस्त्याने आपली मुले शाळेस जातात. तेव्हा त्या गाडीचे इंजिन कसे आहे हा मालकाचा प्रश्न असेल. परंतु तिचे ब्रेक कसे आहेत हा सर्वांचा प्रश्न आहे. गाडी चालली नाही तर मालकाचे नुकसान होते. गाडी थांबली नाही तर कोणाचे नुकसान होईल, हे आधी सांगता येत नाही.

‘टेम्पो’ हा शब्द आता इतका मराठी झाला आहे की तो परका होता हेच आपण विसरलो. हॅम्बुर्गच्या एका जर्मन कारखान्याच्या गाड्यांचे ते नाव. 1958 साली त्या कारखान्याच्या सहकार्याने बजाज टेम्पो ही कंपनी आपल्याकडे स्थापन झाली, तिच्या तीनचाकी गाड्या रस्त्यावर आल्या, आणि पुढे कोणत्याही कंपनीची छोटी मालगाडी असो, तिला टेम्पोच म्हणू लागले. 2005 साली त्या कंपनीने स्वतःचे नाव बदलून फोर्स मोटर्स केले. पण लोकांच्या तोंडचा टेम्पो काही बदलला नाही. त्याच साली टाटांची एस ही चारचाकी छोटी गाडी बाजारात आली आणि लोकांनी तिचे बारसे ‘छोटा हत्ती’ असे केले. नाव मोठे मार्मिक आहे. मात्र हत्ती म्हटला की अंकुश आला. आज मला या अंकुशाविषयीच बोलावयाचे आहे.

प्रथम हे पाहू की ब्रेक करतो काय. आपण सहज म्हणतो की ब्रेक गाडी थांबवतो. खरे पाहता ब्रेक गतीची उष्णता करतो. धावत्या गाडीत जी शक्ती साठलेली असते ती नाहीशी होत नाही. लायनर आणि ड्रम, किंवा पॅड आणि डिस्क, यांच्या घर्षणातून ती उष्णतेच्या रूपाने हवेत जाते. ही उष्णता किती असते? मालासह तीन टन वजनाची पिकअप ताशी 60 किलोमीटर वेगाने जात आहे असे समजा. तिला एकदा पूर्ण थांबवताना जी उष्णता निर्माण होते तिच्यात सव्वा लिटर पाणी 20 अंशांपासून उकळीपर्यंत तापेल. म्हणजे एका थांब्याला एक पातेलेभर पाणी! वेग दुप्पट झाला तर ही उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. वजन दुप्पट झाले तर दुप्पट होते. वेग आणि वजन यांचा हा हिशेब ज्याने एकदा मनात पक्का केला, त्याला ब्रेकचे निम्मे शास्त्र आले.

आता घाटाकडे वळू. लोणावळ्याकडून बोरघाटाने खोपोलीस उतरताना गाडी सुमारे पाचशे मीटर खाली येते. तीच तीन टनांची पिकअप हा उतार केवळ ब्रेकवर उतरू म्हणेल, तर ब्रेकना जी उष्णता सोसावी लागेल ती ताशी 60 किलोमीटर वेगातून सुमारे पस्तीस वेळा लागोपाठ थांबण्याइतकी आहे. चाळीस लिटरांहून अधिक पाणी उकळावे इतकी ही आच! यातला काही भाग हवेचा आणि रस्त्याचा विरोध घेतो हे खरे. पण उरलेला कोणीतरी घेतलाच पाहिजे. तो इंजिनाने घ्यावा अशी योजना आहे. म्हणूनच जुने ड्रायव्हर सांगत आले की ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा. हा नियम पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातून आलेला नाही, पण त्या पुस्तकाशी तो तंतोतंत जुळतो.

आता यंत्राची रचना. ड्रायव्हरच्या पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो तो तेलाच्या मार्गाने. बंद भांड्यातल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हे सतराव्या शतकात पास्कल या फ्रेंच पंडिताने दाखवले. त्याच तत्त्वावर आपला ब्रेक चालतो. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधले तेल नळ्यांतून चाकाकडे दाब नेते. पुढच्या चाकांना बहुधा डिस्क असते. तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीत धरतात. मागच्या चाकांना बहुधा ड्रम असतो. त्याच्या आत लायनर लावलेले दोन शू बाहेरच्या अंगाला फाकतात. पायाचा जोर वाढवण्यासाठी मध्ये बूस्टर असतो, आणि तो इंजिन चालू असेपर्यंतच मदत करतो. हे शेवटचे वाक्य कृपा करून लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

लायनरची एक जुनी गोष्ट सांगतात. इंग्लंडात डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाने पाहिले की उतारावर घोडागाडीचे लाकडी ब्रेक धरत नाहीत म्हणून शेतकरी त्यांवर जुने जोडे ठोकत आहेत. 1897 साली त्याने यापेक्षा बरा पदार्थ शोधण्याचा उद्योग आरंभला आणि त्यातून फेरोडो हा प्रसिद्ध कारखाना उभा राहिला. पुढे अनेक वर्षे जगभर लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस घालीत. उष्णता सोसण्यात त्याचा हात धरणारा दुसरा पदार्थ नव्हता. पण त्याची धूळ फुप्फुसांत गेली तर कर्करोग होतो हे पुढे सिद्ध झाले. जुन्या किंवा हलक्या लायनरमध्ये काय आहे हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून ड्रम उघडल्यावर आतली धूळ तोंडाने फुंकू नये, हवेच्या नळीने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी. गॅरेजात ‘बारक्या’ म्हणून काम शिकणारी जी पोरे असतात, त्यांच्यासाठी हे विशेष सांगावेसे वाटते. धूळ उडवण्याचे काम नेहमी त्यांच्याच वाट्याला येते.

आता तपासणी. पुष्कळांचा समज असा की ब्रेक अचानक ‘फेल’ होतात. वर्तमानपत्रांतही तसेच छापून येते. माझे म्हणणे असे की बहुतेक ब्रेक फार दिवस आधीपासून बोलत असतात, ऐकणारा नसतो. पाय, कान, नाक, डोळे आणि हात हे पाच साक्षीदार प्रत्येक ड्रायव्हरजवळ आहेत.

पाय काय सांगतो? पेडल दाबून धरले असता हळूहळू खाली जात असेल तर कोठे तरी तेल गळते आहे, किंवा मास्टर सिलिंडरमधले रबर गेले आहे. पेडल मऊ, स्पंजासारखे लागत असेल तर तेलात हवा शिरली आहे. दोनदा पंप केल्यावरच ब्रेक लागत असेल तर शू आणि ड्रम यांतले अंतर वाढले आहे. पेडल दगडासारखे घट्ट असेल तर बूस्टरची मदत येत नाही. दाबताना पेडल थरथरत असेल तर डिस्क किंवा ड्रम वेडावाकडा झिजला आहे.

कान काय सांगतो? बारीक, किरकिरी शीळ आली तर पॅड संपत आल्याची ती सूचना असू शकते. काही पॅडना त्यासाठीच लोखंडी पट्टी बसवलेली असते. पण खरवडल्याचा जाड आवाज आला तर सूचनेची वेळ गेली. लोखंडावर लोखंड घासते आहे असे समजावे.

नाकाला जळका वास आला तर एखादे चाक ब्रेक सोडत नाही. हाताने याची खात्री होते. चार-सहा किलोमीटर चालवून गाडी थांबवावी आणि चाकाजवळ हात न्यावा. हात चाकाला लावू नये, जवळ न्यावा. एकच चाक इतरांहून फार तापलेले असेल तर तेथे काही तरी अडकले आहे. डोळ्यांनी तर रोज सकाळी पाहता येते. टाकीतल्या ब्रेक ऑइलची पातळी खाली गेली आहे काय? टायरच्या आतल्या बाजूला ओल आहे काय? रबरी नळीला भेगा आहेत काय? ऑइल कमी झाले म्हणून वरून भर घालून मोकळे होणे हा आपल्याकडचा मोठा दुर्गुण आहे. ऑइल कमी होण्याची कारणे दोनच. एक, लायनर किंवा पॅड झिजले. दुसरे, गळती आहे. दोन्हीपैकी एकाही रोगावर वरून भर घालणे हे औषध नव्हे.

ब्रेक ऑइलचाही एक स्वभाव आहे. नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते. ताजे डॉट 3 प्रतीचे ऑइल 205 अंशांच्या खाली उकळत नाही. पण पाणी मुरल्यावर त्याची किमान मर्यादा 140 अंशांवर येते. डॉट 4 प्रतीचे हेच आकडे 230 आणि 155 आहेत. घाटात ब्रेक तापले आणि जुने ऑइल उकळले की नळीत वाफ होते. तेल दाबले जात नाही, पण वाफ दाबली जाते. मग पाय थेट तळाला जातो आणि गाडी मात्र चालतच राहते. गाडी थंड झाल्यावर तेच ब्रेक पुन्हा व्यवस्थित लागतात, आणि लोक म्हणतात, “गाडीत काही दोष नव्हता, दैवच फिरले.” दैव नव्हे, ऑइल बदललेले नव्हते. कारखान्याच्या पुस्तकात दिलेल्या मुदतीत, आणि पुस्तक हरवले असेल तर दोन वर्षांत एकदा, ते सबंध बदलावे. नेहमी सीलबंद डब्यातले घ्यावे. दुसरे कोणतेही इंजिन ऑइल किंवा हायड्रॉलिक तेल त्यात घालू नये. त्याने आतली रबरे फुगतात.

पॅड किंवा लायनर बदलण्याचे काम मेकॅनिकचे आहे. पण गाडीच्या मालकाने त्यातले चार नियम जाणून घ्यावेत. पहिला, एका चाकाचे बदलले तर त्याच आसावरील दुसऱ्या चाकाचेही बदलावे. एका बाजूचे नवे आणि दुसऱ्या बाजूचे जुने असेल तर गाडी जोराच्या ब्रेकला एकीकडे ओढते. पॅडचा पदार्थ सुमारे 3 मिलिमीटर उरला की बदलण्याची वेळ आली असे धरावे; रिबिटी मारलेल्या लायनरमध्ये रिबिटीची डोकी ड्रमला लागण्यापूर्वीच बदलावे. दुसरा, डिस्क किती पातळ आणि ड्रम किती रुंद झालेला चालतो याचा आकडा बहुधा त्यावरच कोरलेला असतो. तो मोजून पाहावा, अंदाजाने सोडू नये. तिसरा, ग्रीस किंवा तेल प्यालेले लायनर जाळून, घासून पुन्हा बसवू नये. ते टाकून द्यावे आणि ज्या सीलमधून तेल आले ते सील आधी बदलावे. चौथा नियम सर्वांत सोपा आणि सर्वांत अधिक विसरला जाणारा. काम झाल्यावर गाडी हलवण्यापूर्वी उभ्या गाडीत पेडल घट्ट होईपर्यंत दाबावे. नवे पॅड बसवताना आतला पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. तो पहिला दाब गॅरेजच्या आत खर्च व्हावा, दाराबाहेरच्या रस्त्यावर नव्हे. नवे लायनर नीट बसेपर्यंत पहिले काही दिवस जड भर टाळावी, हेही ओघानेच आले.

आता मी अशा एका गोष्टीकडे येतो जी मला सर्वांत गंभीर वाटते. मालवाहू गाडी रिकामी असते तेव्हा तिची मागची बाजू हलकी असते आणि भरलेली असते तेव्हा जड. रिकाम्या गाडीत मागचा ब्रेक जोराने लागला तर मागची चाके घसरतील. भरलेल्या गाडीत तो हळू लागला तर गाडी थांबणार नाही. यासाठी अनेक पिकअपमध्ये मागच्या आसाशी जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. माल भरला की गाडीचा साटा खाली बसतो, तेवढ्यावरून तो व्हॉल्व्ह वजन ओळखतो आणि मागच्या ब्रेकचा दाब वाढवतो. आता आपल्याकडे काय करतात? दीड टनाच्या गाडीत तीन टन माल मावावा म्हणून कमानपाट्यांत दोन पाटे जास्त घालतात. गाडी मग खाली बसत नाही. मालकाला वाटते, गाडी मजबूत झाली. पण त्या बिचाऱ्या व्हॉल्व्हला वाटते, गाडी रिकामीच आहे! वजन दुप्पट झाले आणि मागच्या ब्रेकला मात्र रिकाम्या गाडीचा दाब. पाटे वाढवणाऱ्याने ब्रेकला हातही लावलेला नसतो, तरी ब्रेक त्यानेच बिघडवलेला असतो.

दुसरी गोष्ट डिझेल वाचवण्याची. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून, कधी इंजिनही बंद करून, उतरणारे महाभाग आहेत. न्यूट्रलमध्ये इंजिनाची रोखण्याची शक्ती गेली. इंजिन बंद केले की बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरतीच मदत शिल्लक राहते. पुढे सारा भार पायाच्या जोरावर. मघा लक्षात ठेवा म्हटले ते वाक्य हे. आणि घाट उतरल्यावर तापलेल्या ड्रमवर बादलीभर पाणी ओतू नये. बिडाला एकदम गारवा लागला की त्याला तडे जातात. गाडी बाजूला घ्यावी, चाकाखाली दगड लावावा आणि ब्रेक आपोआप निवू द्यावेत. तेवढ्यात चहा होतो.

हे सारे ड्रायव्हरांना ठाऊक नसते काय? पुष्कळांना ठाऊक असते. मग गाडी तशीच का निघते? ड्रायव्हर मालकाला म्हणतो, “शेठ, ब्रेक खाली लागतोय.” शेठ म्हणतात, “एवढी एक खेप करून ये, उद्या बघू.” शेठ काही दुष्ट नसतात. त्यांच्या डोक्यावर बँकेचा हप्ता असतो, आणि गाडी एक दिवस उभी राहिली तर ती खेप दुसरा घेऊन जाणार हे त्यांना माहीत असते. व्यापारी म्हणतो, “दोन खेपांचे भाडे कशाला, एकातच घाल.” आणि व्यापाऱ्याला आपण म्हणतो, “माल अजून कसा आला नाही?” अशी ही साखळी आहे. अपघात झाला की पोलीस तिच्या एकाच कडीला पकडतात, ती म्हणजे ड्रायव्हर.

कायदा नाही असे नव्हे. मालवाहू गाडीला योग्यतेचा दाखला लागतो. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत तो दोन-दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी घ्यावा लागतो. जादा माल भरल्यास 2019 पासून वीस हजार रुपये, शिवाय दर जादा टनास दोन हजार रुपये, असा दंड आहे. परंतु दाखल्याचा दिवस हा परीक्षेचा दिवस असतो. त्या दिवशी नवे लायनर असतात, पेडल घट्ट असते, जादा पाटे काढलेले असतात. विद्यार्थी परीक्षेपुरता अभ्यास करतो तेव्हा तो स्वतःचेच नुकसान करतो. गाडीचे तसे नाही.

हा फरक किती पडतो ते एका आकड्याने सांगतो. ताशी 60 किलोमीटर वेगाने दोन गाड्या शेजारून चालल्या आहेत. समोर एक मूल धावत आले. दोन्ही ड्रायव्हरांनी एकाच क्षणी ब्रेक दाबले. चांगल्या ब्रेकची गाडी तेथून सुमारे 23 मीटरांत उभी राहिली. दुसरीचे ब्रेक निम्म्या ताकदीचे आहेत. तिला 46 मीटर लागतील. पण तेवढ्यावर थांबू नका. जेथे पहिली गाडी पूर्ण उभी राहिली, त्या ठिकाणी दुसरीचा वेग किती असेल? निम्मा असेल असे आपल्याला वाटते. तो ताशी 42 किलोमीटर असतो. “उद्या बघू” या दोन शब्दांचा अर्थ हा एवढा आहे.

तेव्हा करावे काय? मालकांना माझी विनंती अशी की गाडीत एक वही ठेवावी. लायनर, ऑइल, ड्रम केव्हा बदलले ते तारखेनिशी लिहावे. आणि एक नियम पाळावा: ब्रेकच्या बाबतीत ड्रायव्हरचा शब्द शेवटचा. तो म्हणाला गाडी निघणार नाही, तर निघणार नाही, आणि त्या दिवसाचा त्याचा पगार कापला जाणार नाही. व्यापाऱ्यांना विनंती अशी की दोन खेपांचा माल एका खेपेत मागू नये. जो स्वस्तात जादा माल नेतो तो भाड्यात सूट देत नाही. तो ती दुसऱ्याच्या जिवावर देत असतो.

आणि आपण? आपल्या घरी लग्न निघाले, बस महाग पडते म्हणून वऱ्हाड टेम्पोत बसवतो. देवदर्शनाला निघालो, मागच्या साट्यात सतरंजी टाकतो आणि बायका-मुलांना बसवतो. मालवाहू गाडीतून माणसे नेण्यास कायद्याची मनाई आहे ती उगाच नव्हे. पोते कललेले चालते, माणूस वळणावर कलतो आणि साट्याबाहेर पडतो. जोराचा ब्रेक लागला तर त्याला धरावयास काही नसते. एवढी एक गोष्ट जरी या सभेतून उठताना आपण मनाशी ठरवली की आमच्या घरचे वऱ्हाड टेम्पोतून जाणार नाही, तरी मी माझे बोलणे कारणी लागले असे समजेन. आणि पुढल्या खेपेस सामान उतरवून टेम्पोवाला दारात उभा असेल, तेव्हा त्याला पाण्याचा तांब्या देताना सहज विचारा, “ब्रेक केव्हा पाहिले होते, दादा?” विचारणारे कोणी आहे एवढे कळले तरी पुष्कळ गाड्या वेळेवर गॅरेजात जातील.